गैरहजरांच्या गावाला जावं का? (दक्षिण ब्राझील, थंडी, गुरं आणि शाकाहारी आई)

केवडा
नमस्कार मंडळी. दोन वर्षं झाली, नवऱ्याच्या नोकरीमुळे साओ पाउलोत आहोत. जुलैत आई-बाबा वाईहून येताहेत. रिओ आणि इग्वासूचा धबधबा ठरलाय, पण मधले पाच दिवस मोकळे आहेत. इथे कुणालाही विचारलं की एकच उत्तर येतं, ग्रामादो. जर्मन धाटणीची घरं, चॉकलेटची दुकानं, फाँड्यू. बाबांना फोटो पाठवले तर म्हणाले, "हे लोणावळाच की गं, चिक्कीच्या जागी चॉकलेट."

बाबा पशुधन पर्यवेक्षक म्हणून रिटायर झाले. उभी हयात दुसऱ्यांच्या गोठ्यात गेली. ब्राझीलमध्ये काय बघायचंय विचारलं तर एका शब्दात उत्तर आलं, "गुरं."

नकाशा चाळताना साओ जोझे दोस आउझेन्तेस हे गाव सापडलं. रिओ ग्रांदे दो सुल राज्याचा ईशान्य कोपरा, उंची सुमारे १,२०० मीटर, वस्ती साडेतीन हजारांच्या आसपास, बाकी सगळं गवत आणि गुरं. 'आउझेन्तेस' म्हणजे गैरहजर! कुणी गेलंय का? साठी उलटलेल्या दोघांना झेपेल का? आणि आई अंडंही खात नाही, तिचं काय करायचं?

उंडगा
ग्रामादोला जुलैत चुकूनही जाऊ नका. शाळांच्या सुट्ट्या असतात, अर्धा देश तिथे लोटतो. पार्किंग शोधण्यात दिवस जाईल.

पमाकाकू
आम्हाला आवडलं होतं ग्रामादो. सगळेच काही गोठे बघायला जात नाहीत.

घाटमाथा
मी २०१९च्या ऑगस्टमध्ये गेलोय. कांबारा दो सुलला चार रात्री, आउझेन्तेसला दोन. उलट करायला हवं होतं.

पोर्तो आलेग्रेला विमानाने उतरून गाडी घेतली. कांबारा तिथून साधारण १९० किलोमीटर. साओ फ्रान्सिस्को दे पाउला ओलांडलं की झाडी विरळ होते आणि माळ सुरू होतो. आपला पाचगणीचा टेबललँड कुणी लाटण्याने लाटून क्षितिजापर्यंत नेलाय, असं समजा. त्यावर मधूनच उभी अराउकारियाची झाडं. खोड सरळसोट, फांद्या फक्त शेंड्याला, वर वळलेल्या. उलटी झालेली छत्री जशी दिसते, तशी.

कांबाराचं मुख्य आकर्षण दऱ्या. इताइंबेझिन्यो ५.८ किलोमीटर लांब आणि ७२० मीटरपर्यंत खोल. तिथे बांधीव वाट आहे, आई-बाबा आरामात चालतील. पण खरी मजा फोर्तालेझा या दुसऱ्या दरीची. गवतातून चढत जाता, समोर काही आहे याची पुसटशी शंकाही येत नाही, आणि एका पावलावर जमीन संपते. हवा स्वच्छ असेल तर लांब अटलांटिकची रेघ दिसते. हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याच्या टोकाशी पहिल्यांदा पालथं पडून खाली डोकावलो होतो, तेव्हा पोटात जो खड्डा पडला होता तोच पुन्हा पडला. आपला कडा पश्चिमेला तुटतो, त्यांचा पूर्वेला. खाली मात्र कोकणच. भात, केळी आणि पुढे समुद्र.

टवाळ_मावळा
म्हणजे कोकणकडा बघायला चौदा हजार किलोमीटर? पाचनईतून दोन तासांत वर पोचतो आम्ही.

काळाकातळ
@घाटमाथा, तुलना नुसती दिसण्यापुरती नाही. दोन्ही पठारं लाव्हाचीच. दख्खनचा कातळ सुमारे ६.६ कोटी वर्षांचा, तिकडचा त्याच्या दुप्पट जुना, १३ कोटींच्या वरचा. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका फाटून अलग होत होत्या त्या काळातला. म्हणून त्याच लाव्हाचा एक तुकडा आज समुद्रापलीकडे नामिबियात पडलाय. इताइंबेझिन्योचा कडा समोरच्या बाजूने बघा, थरावर थर मोजता येतात, आपल्या घाटातल्यासारखे. लाव्हात राहिलेल्या पोकळ्यांमध्ये आपल्याकडे नाशिक-जळगाव भागात झिओलाइटचे स्फटिक भरले, त्यांच्या राज्यात जांभळा ॲमेथिस्ट. नशीब एकेकाचं.

हा सगळा टापू आणि खालची किनारपट्टी मिळून २०२२ साली युनेस्कोचा जिओपार्क झाला.

नंदीबैल
बाबांना गुरं बघायची असतील तर चुकीच्या दिशेला निघालात! ब्राझीलची खरी गुरं म्हणजे आपलीच गुरं. नेलोर म्हणजे आंध्रची ओंगोल, गुझेरा म्हणजे कांकरेज, आणि गीर तर गीरच. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला शेवटची मोठी खेप भारतातून गेली. त्यातला कृष्णा नावाचा वळू भावनगरच्या महाराजांच्या गोठ्यातला, तिकडच्या गीर वंशावळीत त्याचं नाव अजून निघतं. हे सगळं बघायचं तर मिनास जेराइस राज्यातलं उबेराबा गाठा. साओ पाउलोहून गाडीने जाता येतं.

घाटमाथा
@नंदीबैल, बरोबर, पण उबेराबात बाबांना घरच्याच गाई दिसतील. पठारावर वशिंडवाली गुरं अगदी तुरळक. थंडीमुळे तिथे हेरेफोर्ड, डेव्हन, अँगस, शारोले आणि त्यांचे संकर.

रानवारा_सांगली
दादा तिकडं शेजारच्या सांता कातारिना राज्यात, लाजेस भागात एक जुनी जात हाय, क्रियोलो लाजेआनो. शिंगं बघाल तर आपल्या खिलारीनं बी मान खाली घालावी. स्पेन-पोर्तुगालवाल्यांनी आणलेल्या गुरांची पैदास, शेकडो वर्षं डोंगरात राहून काटक झाल्याली. मधी पार संपत आली हुती, काही लोकांनी धरून ठेवली. जमलं तर बघा.

केवडा
बापरे, एका रात्रीत एवढे प्रतिसाद! नंदीबैल, उबेराबाचं बाबांना सांगितलं. "गीर मी चाळीस वर्षं बघितली, न बघितलेली दाखव" म्हणाले. तेव्हा दक्षिणच. आता आईच्या जेवणाबद्दल बोला कुणीतरी.

सुगरण_नाही
मी बोलते, भोगलंय मी. दक्षिण ब्राझीलमध्ये "मी मांस खात नाही" म्हटलं की कोंबडी आणतात. कोंबडी नको म्हटलं की मासे. मासेही नको म्हटलं की चेहरा पडतो बिचाऱ्यांचा, आणि आतून हॅम घातलेलं सँडविच येतं. त्यांच्या लेखी 'कार्ने' म्हणजे फक्त गाईचं मांस. त्यामुळे नकाराची यादीच पाठ करा: कोंबडी नाही, मासा नाही, हॅम नाही, सॉसेज नाही, बेकन नाही, अंडं नाही. काळ्या घेवड्याच्या उसळीत हमखास बेकन असतं, त्यामुळे ती वेगळी शिजवायला आदल्या दिवशी सांगावं लागतं. राहायच्या जागी फोनवरच ठरवून ठेवा, घरगुती पोउझादा (छोटं अतिथीगृह) असेल तर आनंदाने करतात.

मिळेल ते असं: भात, तळलेली पोलेंता, लाल भोपळा, रताळी, चुलीवरची भाकरीसारखी जाड पोळी नाही पण पाव उत्तम, घरचे मुरांबे, आणि 'कोउव्हे'.

मांडवीकाठ
@सुगरण_नाही, कोउव्हेवरून गंमत. मी मूळचा म्हापशाचा, सहा वर्षं पोर्तो आलेग्रेत आहे. आपली 'कोबी' ह्याच 'कोउव्हे'वरून आली. म्हणून पहिल्यांदा मोठ्या विश्वासाने मागवली, तर ताटात चिरलेला हिरवागार पाला! कोबीचा गड्डा हवा तर तिकडे 'रेपोल्यो' म्हणायचं.

बाकी आईंना निम्मी भाषा येतेच आहे. चावी, साबण, बटाटा, पाव, बालदी, पगार, सगळं थोड्या फरकाने चालतं. आणि बाबांसाठी खास शब्द म्हणजे 'लेइलांव', आपला लिलाव. गुरांचा लिलाव हा त्या भागातला मोठा सोहळा असतो. आउझेन्तेसच्या नावाची कथाही लिलावाचीच सांगतात. अफाट मोठी जमीन होती, मालक तिकडे फिरकायचेच नाहीत, म्हणून ती 'गैरहजरांची' जमीन, आणि अखेर लिलावात निघाली.

टवाळ_मावळा
आमच्या शाळेत हजेरीपटावरून असा लिलाव निघाला असता तर मी केव्हाच विकला गेलो असतो.

पमाकाकू
केवडा, ते राहू दे. यलो फीव्हरची लस झालीये का आई-बाबांची? ब्राझीलहून भारतात परत येताना प्रमाणपत्र मागतात. लस प्रवासाआधी किमान दहा दिवस घ्यावी लागते, आणि नसेल तर परतल्यावर विलगीकरणात ठेवतात. एकदा घेतली की आयुष्यभर चालते. पण साठीच्या पुढच्या माणसांनी डॉक्टरांशी बोलून घ्यावी. ऐन वेळी केंद्रात तारीख मिळत नाही, आमची झोप उडाली होती.

केवडा
पमाकाकू, तुम्हाला दंडवत! हे पार विसरले होते. उद्याच फोन करते.

सुगरण_नाही
पिन्यांव राहिलं की सांगायचं! अराउकारियाची बी. आपल्या काजूपेक्षा लांबट, टोकदार, तपकिरी साल. मिठाच्या पाण्यात प्रेशर कुकरला उकडतात, किंवा चुलीच्या तव्यावर भाजतात. चवीला उकडलेला शिंगाडा आणि फणसाच्या आठळीच्या मधलं काहीतरी. उपासाला चालावं असं. एप्रिलपासून हंगाम, जुलैतही मिळतं. आईंचं अर्धं पोट त्यावर भरेल.

पण 'एन्त्रेव्हेरो' नावाच्या पदार्थात पिन्यांव दिसलं म्हणून भुलू नका, त्यात तीन प्रकारचं मांस असतं.

काळाकातळ
हे झाड पेरतं कोण, तर ग्राल्या-आझुल नावाचा निळा पक्षी, कावळ्याच्या कुळातला. पुढे खायला म्हणून बिया लपवतो आणि विसरतो. माणसांनी मात्र विसाव्या शतकात लाकडासाठी इतकी तोड केली की झाड आता अतिधोक्यातल्या यादीत आहे.

झोपडीतला_साहेब
वरचं सगळं गोड गोड वाचलं. आता कडू ऐका. जुलैत पठारावर घरात जी थंडी असते तिला तोड नाही. बाहेर शून्याखाली, घरात हीटिंग नाही. लाकडी भिंतींच्या फटींतून वारा. स्वयंपाकघरात चूल असते, तिथेच सगळं घर बसतं. झोपायच्या खोलीत सहा गोधड्यांखाली कूस बदलायची सोय नाही. अंघोळीला विजेचा शॉवर, त्याच्या डोक्यातच कॉइल. पाणी कडक हवं तर धार बारीक करावी लागते, धार मोठी केली की गारठा. मी चार दिवसांत एकदा अंघोळ केली आणि ती मला अजून आठवते.

शिवाय जुलैत गवत गोठलेल्या दवाने जळून पिवळं पडलेलं असतं, गुरं खंगलेली. बाबांना गुरं दाखवायची तर एप्रिल-मे गाठा. गवत हिरवं, पिन्यांव ताजं.

घाटमाथा
@झोपडीतला_साहेब, गवताचं मान्य. पण दऱ्यांसाठी थंडीच बरी. उन्हाळ्यात दुपार झाली की समुद्राकडून धुकं वर चढतं आणि अख्खी दरी दुधात बुडते. हिवाळ्यात दक्षिणेकडची थंड लाट येऊन गेली की दोन-तीन दिवस आकाश काचेसारखं. आणि तारीख आई-बाबांच्या तिकिटावर आहे, आपल्या हातात नाही.

उंडगा
बर्फ पडतो का?

मांडवीकाठ
कधीतरी. २०२१च्या जुलैअखेर बऱ्याच गावांत पडला होता. बर्फाचा अंदाज आला की सगळं पोर्तो आलेग्रे गाड्या काढून वर पळतं, आणि बहुतेक वेळा पावसात भिजून परत येतं.

विमानतळाचं कुणी विचारण्याआधी सांगतो. २०२४च्या मे महिन्यातल्या पुरात बुडाला होता, ऑक्टोबरात पुन्हा सुरू झाला. आता काळजी नको.

झोपडीतला_साहेब
रस्त्याबद्दलही लिहितो. कांबारा ते फोर्तालेझा, आणि आउझेन्तेसच्या पुढे मोंते नेग्रोकडे जाणारा रस्ता, दोन्हीकडे कच्चा, टोकदार दगडांचा भरपूर भाग आहे. माझ्या भाड्याच्या छोट्या गाडीचा टायर फुटला. डिकी उघडली तर स्पेअर होता, पण तोही बसलेला! ताबा घेताना बघितला नव्हता, चूक माझीच, पण त्या कंपनीने पैसे मात्र दोन्ही टायरचे लावले. दीड तासाने एक गुराखी घोड्यावरून आला, बघून गेला, आणि ट्रॅक्टर घेऊन परत आला. पैसे घेतले नाहीत. तेवढं एक चांगलं.

रानवारा_सांगली
मोंते नेग्रो म्हंजी त्या राज्यातलं सगळ्यात उंच शिखर न्हवं का? किती उंच?

घाटमाथा
सुमारे १,४०० मीटर. कळसूबाईपेक्षा कमी. आणि चढ म्हणाल तर गाडी लावल्यापासून थोडंसंच चालायचं. पण माथ्यावर उभं राहिलं की एका बाजूला माळ, दुसऱ्या बाजूला थेट दरी.

मांडवीकाठ
केवडा, शेवटचं आणि महत्त्वाचं. कुठल्याही फाझेंदावर (गुरांच्या मळ्यावर) गेलात की शिमारांव, म्हणजे माते नावाच्या पानांचा कडू चहा, पुढे येईल. भोपळ्याच्या तुंबीत (तिला कुइया म्हणतात) हिरवी पूड, वर गरम पाणी, आणि धातूची नळी. एकच तुंबी सगळ्यांत फिरते. उष्टं वगैरे विसरायचं. पहिली तुंबी करणारा स्वतःच पितो, कारण ती सगळ्यात कडू. नळी ढवळायची नाही, हा अपमान समजतात. तळाशी सुर्रर्र आवाज येईपर्यंत संपवायची आणि ज्याने दिली त्याच्याच हातात परत द्यायची. आणि आभार मानायचे नाहीत. 'ओब्रिगादो' म्हणजे 'बास, मला नको आता'. पोट भरल्यावरच म्हणायचं.

टवाळ_मावळा
बायकोने चहा दिल्यावर मी आभार मानत नाही, तर मी मूळचा तिथलाच म्हणायचा.

पमाकाकू
बायको काय म्हणते तेही लिहा.

सुगरण_नाही
केइझो सेर्रानो नक्की खा. त्या पठारावरचं चीज, निरशा दुधाचं. मांसासाठी पाळलेल्या गाईंचंच दूध, दिवसातून एकदाच, सकाळी काढलेलं. दूध थोडं पण दाट. २०२० साली त्याला भौगोलिक नामांकन मिळालं.

झोपडीतला_साहेब
पण ते विरजायला रेनेट वापरतात. ते पारंपरिकरीत्या वासराच्या जठरातलं. अंडं न खाणाऱ्या आईंना चालेल का?

सुगरण_नाही
हल्ली बुरशीपासून केलेलंही मिळतं, विचारून घ्यायचं.

झोपडीतला_साहेब
विचारणार कुठल्या भाषेत? नकारांची यादी आधीच दोन पानी झालीये.

पमाकाकू
चीजवर वेगळा धागा काढा रे. मुलीला नियोजन करू द्या.

केवडा
ठरलं! चार रात्री. दोन कांबारा, दोन आउझेन्तेसजवळ एका फाझेंदावर. पोउझादाच्या बाईंना नकारांची यादी पाठवली. त्यांचं उत्तर: "मग तुमची आई खाते काय?" पिन्यांव, भोपळा, दूध असं लिहिलं. त्यांनी अंगठा दाखवला. आल्यावर लिहिते.

उंडगा
"आल्यावर लिहिते" म्हणणारे कधी लिहीत नाहीत. या स्थळाचा नियम आहे.

*(दोन महिन्यांनंतर)*

केवडा
@उंडगा, घ्या, लिहिते आहे.

कांबारात पहिल्या दिवशी धुकं. इताइंबेझिन्योच्या कठड्यावर तासभर उभे राहिलो, समोर पांढरी चादर. खालून धबधब्याचा आवाज येत होता तेवढाच. आई म्हणाली, "महाबळेश्वरला पावसाळ्यात येणाऱ्यांना आपण हसायचो ना?" दुसऱ्या दिवशी मात्र लख्ख. फोर्तालेझा बघितली, समुद्राची रेघही दिसली. बाबा दरीकडे पाच मिनिटं बघून मागे वळले आणि माळावरच्या गाई मोजायला लागले.

आउझेन्तेसची फाझेंदा हीच खरी सहल. पहाटे गवतावर पांढरं गोठलेलं दव, बुटाखाली कुरकुर वाजणारं. मालक, साठीचे गृहस्थ, लोकरीचा पोंचो आणि ढगळ बोंबाशा (तिकडची विजार) घातलेले, आम्हाला गोठ्यात घेऊन गेले. हातात कप, कपात तळाशी काळी कडक कॉफी आणि साखर. वासराला आधी पाजू दिलं, गाईला पान्हा सुटला, मग मागचे पाय दोरीने बांधून त्यांनी थेट त्या कपातच धार काढली. वर दोन बोटं फेस. याला कामार्गो म्हणतात. धारोष्ण दुधाची कॉफी! आईने दोन कप घेतले. साओ पाउलोत आल्यापासून दूध पातळ, पाणचट म्हणून नाक मुरडत होती ती. फेसाच्या मिशा पुसत म्हणाली, "ही गाय आपल्या सासरच्या कपिलेसारखी देते."

आता बाबा. मालकांना पोर्तुगीजशिवाय काही येत नाही, बाबांना मराठीशिवाय. मी दुभाषी म्हणून उभी. पण गुरांच्या रोगांचे शब्द मला दोन्ही भाषांत येत नाहीत! बाबांनी गाईच्या कानामागे बोट घालून एक गोचीड काढली आणि मालकांसमोर धरली. "काराप्पातो," ते म्हणाले. बाबा म्हणाले, "बबेसिया?" (गोचीडतापाचा जंतू.) मालकांचे डोळे चमकले. "बाह! बबेसिओझे!" मग "अनाप्लाझ्मा", "ब्रुसेला". पुढचा पाऊण तास दोघं लॅटिनमध्ये बोलत होते आणि मी बाजूला कप धरून. थंडीमुळे वर गोचीड कमी, पण म्हणूनच इथली गुरं खाली गरम भागात नेली की तापाने पडतात, असं मालक हातवारे करून सांगत होते. बाबांना ते माझ्या आधी कळलं.

मग 'आफ्तोझा', म्हणजे लाळ-खुरकत. लसच टोचत नाहीत म्हणाले. बाबांचा विश्वास बसेना. मला तीनदा विचारायला लावलं. २०२१ साली या राज्याला लसीकरणाविना रोगमुक्त म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. शेजारच्या सांता कातारिनाला तर २००७ मध्येच, त्यामुळे तोवर इथली गुरं तिकडे नेता येत नसत. बाबा नंतर गाडीत बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पस्तीस वर्षं मी दर सहा महिन्यांनी घरोघर टोचत हिंडलो." एवढंच.

संध्याकाळी गालपांवमध्ये (गोठ्याशेजारची शेकोटीची मोठी खोली) शिमारांव. मांडवीकाठ, तुमचा प्रतिसाद मी आईला वाचून दाखवला होता, बाबांना नाही. बाबांनी पहिली तुंबी संपवली आणि छाती भरून "ओब्रिगादो" म्हणाले, तेवढा एकच शब्द पाठ केला होता. झालं. पुढचे चार फेरे तुंबी त्यांना वगळून गेली. रात्री खोलीत मला म्हणतात, "माणूस भला आहे, पण पाहुण्याला एकदाच विचारायची पद्धत दिसते."

मांडवीकाठ
हसून हसून मेलो! मग सांगितलंत का?

केवडा
सांगितलं. दुसऱ्या दिवशी बाबा एक शब्द बोलले नाहीत, सात तुंब्या प्यायले आणि रात्रभर झोप नाही.

झोपडीतला_साहेब
थंडीचं काय झालं ते लिहिलं नाहीत.

केवडा
साहेब, तुमचं सगळं खरं. शॉवरबद्दल तर शब्दन् शब्द. आईने चुलीवर पाणी तापवून बालदीत मागितलं. 'बालदे' म्हटल्याबरोबर मिळालं. रात्री आम्ही चौघं चुलीपाशीच बसलो होतो, मालकीणबाई तव्यावर पिन्यांव भाजत होत्या. आईने त्यांना शेंगदाण्याचा कूट घातलेली भोपळ्याची भाजी शिकवली. कूट चालला, मिरचीला त्यांनी हात जोडले.

आणि गाडी घेताना स्पेअर टायर तपासला. बरं झालं, लागला.

रानवारा_सांगली
लाजेसची शिंगवाली बघितली का न्हाई?

केवडा
वेळ पुरला नाही. पण माळावर दगडांच्या रचीव भिंती बघितल्या, चुना-माती काही नाही, नुसते दगडावर दगड. पूर्वी खेचरांचे तांडे इथून उत्तरेला सोरोकाबाच्या बाजाराकडे हाकत न्यायचे, तेव्हा जनावरं फुटू नयेत म्हणून दोन्ही बाजूंनी बांधलेल्या. 'ताइपा' म्हणतात. बाबा म्हणाले, आपल्याकडचा गडगा.

उंडगा
नियम मोडल्याबद्दल अभिनंदन. फोटो कुठे आहेत?

सुगरण_नाही
आणि चीजचं? रेनेट विचारलंत का?

केवडा
विचारलं. वासराचंच निघालं. आईने नाही खाल्लं. बाबांनी तिच्या वाटणीचं खाल्लं.

दवबिंदू_९
नवीन सदस्य. धागा वाचनखुणांत टाकला. पुढच्या एप्रिलमध्ये जातोय. छत्री न्यावी की रेनकोट?

घाटमाथा
रेनकोट. छत्रीची अराउकारिया होते.